घाटावरचे शिंपले

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



मे महिन्याच्या सुट्टीत मी लहान मुलांचं हस्तकलेचं शिबिर घेते. शिबिर म्हणजे काय, आजूबाजूच्या गल्ल्यांतली वीस-पंचवीस मुलं, दोन सतरंज्या आणि मिळेल ते सामान. त्यातले दोन दिवस शिंपल्यांचे असतात. पहिल्या दिवशी मी मुलांना विचारते, ‘कुणाकुणाच्या घरी शंख-शिंपले आहेत?’ झाडून सगळे हात वर होतात. कोल्हापुरातलं कुठलंही घर घ्या. शोकेसमध्ये गणपतीपुळ्याहून आणलेला शिंपल्यांचा गणपती असतो, नाहीतर आरशाची चौकट असते, नाहीतर मान डुलवणारं कासव. कासवाचा एक डोळा हटकून निखळलेला असतो. मग मी दुसरा प्रश्न विचारते, ‘यातला स्वतः वाळूतून उचललेला शिंपला कुणाकडे आहे?’ हात भराभर खाली येतात. दोन-तीन उरतात, तेही अर्धवट वर.

तसं पाहिलं तर समुद्र आपल्याला फार लांब नाही. आंबा घाट उतरलं की रत्नागिरी, गगनबावड्यातून उतरलं की मालवणचा मुलूख. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोहोचता येतं. पण घाटावरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध तसा वर्षातून एकदाचा. आपल्या नद्यासुद्धा समुद्राकडे पाठ करून वाहतात. गगनबावड्याच्या कड्यावर पाऊस पडतो. कड्याच्या पलीकडे पडलेला थेंब काही तासांत कोकणच्या खाडीत जातो, आणि हातभर अलीकडे पडलेला थेंब कुंभीतून पंचगंगेत, पंचगंगेतून नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि कृष्णेतून थेट बंगालच्या उपसागरात. मुलांना हे सांगितलं की ती नकाशा मागतात. शिंपल्यांचा तास नकाशापासून सुरू होतो तो असा.

आणि नकाशानंतर आम्ही टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात जातो. हे शिंपल्यांच्या तासात कुठून आलं, असं पालकांना वाटतं. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरीची टेकडी आहे, तिथे १९४४ ते १९४६ या काळात उत्खनन झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी ते शास्त्रशुद्ध पद्धतीने केलं. तिथे सापडलेल्या वस्तूंत काशाची एक छोटी मूर्ती होती. वीतभरही नाही एवढी. ती आहे पोसायडनची, म्हणजे ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, कुणीतरी ती बंदरात उतरवली, कुठलातरी घाट चढून वर आणली आणि ती आपल्या गावात येऊन राहिली. समुद्र नसलेल्या गावात समुद्राचा देव! त्याच काळातल्या दख्खनमधल्या वस्त्या खणताना शंखाच्या बांगड्यांचे तुकडे आणि मणी सर्रास सापडतात. म्हणजे शंख-शिंपले घाट चढून येतात ही गोष्ट आजची नाही. आपल्या शोकेसमधल्या कासवाचं घराणं पुष्कळ जुनं आहे.

आता त्या कासवाबद्दल थोडं बोलते.

आपण गणपतीपुळ्याला किंवा मालवणला वस्तू घेतो तेव्हा ती तिथल्या वाळूतली आहे असं धरून चालतो. दुकानदारही काही खोटं बोलत नाही, कारण आपण विचारतच नाही. पण त्या तकतकीत, ठिपकेदार, मोठाल्या शंखांपैकी पुष्कळ माल दक्षिणेकडचा असतो. रामेश्वरम, कन्याकुमारी या भागात शंखशिंपल्यांच्या वस्तूंचा मोठा धंदा आहे, आणि तिथून हा माल देशभरच्या यात्रेच्या ठिकाणी जातो. आपल्या किनाऱ्यावर सहज सापडतो तो शिंपला असा चकचकीत नसतो. लाटांनी घासलेला, कडेला टवका गेलेला, उन्हाने रंग उडालेला असतो. शंख जर आरशासारखा चमकत असेल, एकही ओरखडा नसेल, तर दोन शक्यता असतात. एक तर त्याला आम्लाने धुऊन वर पॉलिश चढवलेलं असतं, नाहीतर तो आतल्या प्राण्यासकट पकडलेला असतो. बहुधा दोन्ही.

हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं. माहीत झालं ते ज्या प्रसंगाने, तो सांगायला मला आजही बरं वाटत नाही. पण तो सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी मुलांची सहल घेऊन मालवणच्या बाजूला गेले होते. ओहोटीची वेळ होती. मुलांना म्हटलं, ‘वेचा रे, जेवढं मिळेल तेवढं वेचा.’ मुलं तुटून पडली. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या भरल्या. त्या मी गाठ मारून गाडीच्या मागच्या बाजूला ठेवल्या आणि कोल्हापूरला आल्यावर एका कोपऱ्यात सारल्या. सोमवारी शिंपलेकाम करायचं ठरलं होतं. सोमवारी पिशवी उघडली आणि जो वास सुटला तो मी विसरलेले नाही. मुलं नाक दाबून पळाली. पिशवीच्या तळाशी पाणी साठलं होतं आणि पुष्कळशा शंखांच्या तोंडातून बारीक बारीक पाय बाहेर लोंबत होते. ते सगळे शंखातले खेकडे होते. हा खेकडा दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड करतो. आपण शंख म्हणून उचलतो ते त्याचं घर असतं, आणि धक्का लागला की तो आत ओढून घेतो, त्यामुळे शंख रिकामाच आहे असं वाटतं. आम्ही पिशवीला गाठ मारली तेव्हा ते सगळे जिवंत होते.

एक मुलगी तेवढी पळाली नव्हती. आठ वर्षांची असेल. उकिडवी बसून बघत होती. म्हणाली, ‘बाई, ह्यो आपल्यामुळं मेला काय ओ?’

मी काहीतरी उत्तर दिलं. ‘गरमीनं मेला’ वगैरे. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, ‘मग मी न्हाई चिकटवणार.’ आणि तिने खरंच त्या दिवशी काही केलं नाही. भिंतीला टेकून बसून राहिली. बाकीच्यांनी धुऊन, पुसून, अत्तर लावून चौकटी बनवल्या. छान बनवल्या. पालकांना आवडल्या. माझं मात्र त्या मुलीशी खोटं बोलणं झालं होतं, आणि ते तिला कळलं होतं.

त्यानंतर दोन-तीन वर्षं मी शिंपलेकाम बंदच ठेवलं. कागदकाम केलं, मातीकाम केलं. पण मुलं दरवर्षी विचारायची, ‘बाई, शिंपल्यांचं कधी?’ शिंपल्यात असं काहीतरी आहे की मूल ते हातात घेतल्यावर आधी कानाला लावतं, मग बोट आत घालून बघतं, मग जिभेला. कागदाचं असं होत नाही. म्हणून मी परत सुरुवात केली, पण ती बाजारातून.

बाजार म्हणजे मासळी बाजार. आपल्या गावाचं नाव तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी असलं तरी मासे खाणारी घरं इथे कमी नाहीत आणि कोकणची मासळी घाट चढून येते. तिच्यात तिसऱ्या येतात, शिनाणे येतात, क्वचित कालवं. आपण त्यांचं सुकं करतो, एकशिपी करतो, रस्सा ओरपतो आणि टरफलं कचऱ्यात टाकतो. मी ओळखीच्या घरांत सांगून ठेवलं, ‘तिसऱ्या केल्या की शिंपले टाकू नका, माझ्यासाठी ठेवा.’ पहिल्यांदा लोक हसले. आता ओल्या पिशव्या दाराला अडकवून जातात. जो जीव खाण्यासाठी गेलाच आहे त्याचं कवच वापरायला मन खात नाही. शाकाहारी घरातल्या मुलांच्या आया सुरुवातीला नाक मुरडतात, पण स्वच्छ धुतलेला शिंपला बघितल्यावर त्यांचीही हरकत राहत नाही.

धुण्याची पद्धत सांगते, कारण सगळं काम बिघडतं ते इथे. शिजवलेल्या शिंपल्याला आत एक छोटा पांढरा गोळा चिकटून राहतो, स्नायूचा. तो नखाने नाहीतर जुन्या चमच्याने खरवडून काढायचा. तो राहिला तर वास जात नाही, मग तुम्ही काहीही करा. नंतर कपडे धुण्याच्या साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवायचे, सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे, दोन पाण्यांतून काढायचे आणि गच्चीवर उन्हात दोन-तीन दिवस वाळवायचे. आमच्या गच्चीवरून कावळे शिंपले उचलून नेतात. कशासाठी नेतात देव जाणे. आम्लाने धुऊ नका. शिंपला आणि आम्ल यांचं काय होतं ते मुलांना मात्र जरूर दाखवा. एका वाटीत व्हिनेगर घ्या, त्यात शिंपल्याचा तुकडा टाका. बारीक बुडबुडे यायला लागतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. अंड्याचं टरफल टाकलं तरी तेच होतं. कोकणात शिंपले भट्टीत भाजून चुना काढायची जुनी रीत होती, जुन्या बांधकामांत तो वापरला गेला. एका मुलाने यावर विचारलं, ‘म्हणजे भिंत शिंपल्याची असते?’ काही भिंतींच्या बाबतीत उत्तर ‘हो’ असंच आहे.

वाळलेले शिंपले मी लगेच चिकटवायला देत नाही. आधी सतरंजीवर ढीग ओतते आणि सांगते, जोड्या लावा. तिसरीला दोन शिंपा असतात, डावी आणि उजवी, आणि त्या एकमेकींचं प्रतिबिंब असतात. ढिगातून एकाच प्राण्याच्या दोन्ही शिंपा शोधायच्या म्हणजे पत्त्यांतल्या जोड्या लावण्यापेक्षा अवघड. मापाने जुळते पण कड जुळत नाही, कड जुळते पण बिजागरीचे दात बसत नाहीत. खरी जोडी सापडली की ‘टक्’ असा आवाज येऊन ती मिटते. तो आवाज ऐकायला मुलं तासभर बसतात. हे करता करता ती शिंपल्याकडे बघायला शिकतात. पाठीवरच्या वळ्या दिसतात. आतला प्राणी वाढत जातो तसा कडेला नवा थर देत जातो, म्हणून सगळ्यात जुना भाग बिजागरीजवळ आणि सगळ्यात नवा कडेला. शिंपला हा प्राणी स्वतःच बांधतो. तो घर बदलत नाही, घर वाढवतो. शंखातला खेकडा मात्र भाडेकरू, त्याला वाढलं की दुसरी जागा शोधावी लागते. त्याला जागा मिळायची ती किनाऱ्यावरच्या रिकाम्या शंखांतून, आणि ते तर आपण पिशव्या भरून नेतो.

किनाऱ्यावरून गोळा केलेल्या शिंपल्यांत कधीकधी एक नेमकं गोल भोक सापडतं. गिरमिटाने पाडावं तसं, कडा आत तिरप्या कापलेल्या. मुलांना वाटतं कुणीतरी माळ करायला पाडलंय. ते काम दुसऱ्या एका शंखाचं असतं. हा शिकारी शंख वाळूखालून येतो, शिंपल्याला धरतो, आणि त्याच्या जिभेवर कानशीसारखे दात असतात त्यांनी घासून, वर आम्लाचा स्राव सोडून, भोक पाडतो आणि आतला प्राणी खातो. हे ऐकल्यावर मुलं आपापले शिंपले उजेडात धरून भोकं शोधायला लागतात. आमचा एक नियम आहे, शिंपल्याला भोक आपण पाडायचं नाही. शिंपला फुटतो, हाताला लागतो आणि त्याची बारीक पूड नाकात जाणं चांगलं नाही. माळ करायची तर भोक पडलेलेच शोधायचे. मग माळेला वेळ लागतो. एका मुलीची माळ दोन सुट्ट्या चालली होती.

आता प्रत्यक्ष कामाकडे येते. इथे मला पालकांशी थोडं भांडायचं आहे.

शाळेत ‘शिंपल्यांपासून वस्तू’ असा प्रकल्प दिला की संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात गर्दी होते. शिंपल्यांची तयार पाकिटं मिळतात. आई बाबांना फोन करते, बाबा पाकीट आणतात, मूल जेवून झोपतं आणि रात्री अकरा वाजता आई चिकटवत बसते. सकाळी शाळेत एकाहून एक सुंदर वस्तू येतात. प्रदर्शनातल्या शंभर वस्तूंतून मुलाने केलेली वस्तू मी लांबून ओळखते, कारण ती वाकडी असते आणि तिच्यावर फेविकॉलचे ओघळ असतात. बक्षीस तिला मिळत नाही. एका आईला मी हे बोलले तर म्हणाल्या, ‘बाई, मला लहानपणी कुणी करू दिलं नव्हतं, म्हणून मीच करते.’ हे उत्तर इतकं खरं होतं की मी त्यांनाच शिबिराला बोलावलं. आल्या. मुलाच्या शेजारी बसून त्यांनी स्वतःची वेगळी वस्तू केली, आणि दोघांत भांडण झालं ते मोठा शिंपला कुणी घ्यायचा यावरून!

चिकटवण्याबद्दल. गुळगुळीत पाठीवर पांढरा गोंद पटकन धरत नाही. मुलं घाई करतात, शिंपला घसरतो, मूल रडकुंडीला येतं, आणि मग कुणीतरी मोठं माणूस झटपट चिकटणारा गोंद काढून देतं. तो लहानांच्या हातात अजिबात देऊ नये. बोटं चिकटतात, डोळ्यात गेला तर दवाखाना. त्यापेक्षा माती बरी. कोल्हापूरला मातीची काय वाण? बापट कॅम्पला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीचं काम चालतं, तिथून शाडू आणायचा. शाडूची जाड पोळी थापायची, ओली असताना शिंपला कडेने दाबून बसवायचा. चुकलं तर काढता येतो, परत बसवता येतो. चुकायला जागा असते हा मातीचा मोठा गुण. सावलीत वाळल्यावर माती आकसते आणि काही शिंपले सैल होतात. तेवढे मग गोंदाने चिकटवायचे आणि रात्रभर हात लावायचा नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड.

काय बनवायचं हे मी सांगत नाही. एकदा सांगितलं होतं, ‘मोर करा,’ तर पंचवीस मोर झाले आणि सगळे माझ्या मोरासारखे. लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये आपल्या गावात सृजन-आनंद विद्यालय सुरू केलं. मुलाला आधी बघू द्यावं, करू द्यावं, आपण मधे मधे करू नये, हे त्यांच्या कामामुळे कोल्हापुरातल्या माझ्यासारख्या अनेकांच्या कानावर पडलं होतं. पण कानावर पडणं वेगळं आणि तोंड बंद ठेवणं वेगळं. मी गप्प बसायला शिकले तेव्हा कुठे मुलांच्या वस्तू दिसायला लागल्या. गंगावेशीतल्या एका मुलाने शिनाण्यांची म्हैस केली. शिनाण्याचा रंग काळपट हिरवा आणि आकार लांबट बाकदार, तो त्याला बरोबर शिंगांसारखा दिसला. रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशी बघणारं पोर ते! कास मात्र त्याने पांढऱ्या तिसरीची केली आणि ती एवढी मोठी केली की म्हैस मागे कलंडायला लागली. शेवटी पुढच्या पायाखाली खडा ठेवला. एका मुलीने नुसती वाटी केली, खडबडीत कालवाची, आत मोत्यासारखी चमक. मी म्हटलं, ‘यात तू काय केलंस?’ म्हणाली, ‘धुतली.’

कवड्यांचा विषय मात्र वेगळा. कवडी हाही शंखच, आणि एकेकाळी तो पैसा होता. मालदीवच्या बेटांवरून जहाजं भरभरून कवड्या यायच्या. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द त्या व्यवहाराचे उरलेले पुरावे. एका वर्षी मी सारीपाटाच्या जुन्या कवड्या शिबिरात नेल्या आणि एका मुलाने हात मागे घेतला. त्याच्या आजीच्या गळ्यात यल्लम्माची कवड्यांची माळ होती. म्हणाला, ‘ही देवाची हाय. ही चिकटवायची नसती.’ दुसरी मुलं हसायला लागली होती, पण मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हापासून कवड्या आम्ही खेळायला वापरतो, चिकटवत नाही. त्या मुलाने मग सगळ्यांना कवड्या टाकून दान कसं मोजायचं ते शिकवलं.

पूजेच्या शंखाचंही मुलांना कुतूहल असतं. दक्षिणावर्ती शंख फार दुर्मीळ असं घरात ऐकलेलं असतं. गंमत अशी की आपण ज्याला दक्षिणावर्ती म्हणतो त्याला प्राणिशास्त्रज्ञ डावा म्हणतात, कारण ते शंखाचं टोक वर धरून बघतात आणि आपण उलटं. दुर्मीळ आहे याबद्दल मात्र दोघांचं एकमत आहे. बहुतेक शंखांचा पीळ एकाच बाजूला असतो.

आपल्या घरातला आणखी एक शिंपला आपण विसरलो आहोत, तो म्हणजे नदीचा. माझी आजी कैरीची साल शिंपीने काढायची. तान्ह्या बाळाला दूध आणि गुटी शिंपीनेच पाजायची. ती शिंप पंचगंगेची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाच्या गाळात हे शिंपले दिसतात. बाहेरून मातकट, आत गुलाबी-रुपेरी झाक. आम्ही फक्त उघडे, रिकामे शिंपले घेतो. हा प्राणी नदीतलं पाणी आत घेतो, त्यातलं खाणं गाळून पाणी बाहेर सोडतो. त्याची पिल्लं सुरुवातीचे काही दिवस माशाच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मगच तळाशी उतरतात. म्हणजे नदीत मासे नसतील तर शिंपलेही पुढे वाढणार नाहीत. पंचगंगेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या आपण किती वेळा वाचल्या आहेत! पेपरमधला तो फोटो मी मुलांना दाखवला आणि शिंपल्याची ही गोष्ट सांगितली. कुणी काही बोललं नाही. एका मुलाने हातातला शिंपला उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, ‘ह्याचा मासा कुठला असंल?’

कायद्याचं थोडं सांगायला हवं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींमध्ये २००१ मध्ये समुद्री शंख-शिंपल्यांच्या २४ जाती घालण्यात आल्या. नॉटिलस, ट्रायटन, ट्रायडॅक्ना नावाचा भला मोठा शिंपला हे त्यांत आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो पातळ, अर्धपारदर्शक शिंपला बसवलेला दिसतो तोही त्यात आला. दुकानात असा माल दिसला तर तो घेऊ नये, हे मुलांनाही सांगावं. आणि किनाऱ्यावर आइस्क्रीमच्या कोनासारखा निमुळता, नक्षीदार शंख दिसला आणि तो जिवंत असेल, तर हात लावू नये. त्याचा डंख विषारी असतो.

रिकाम्या शिंपल्यांचं काय, ते तरी न्यावेत की नाही? अमेरिकी आणि स्पॅनिश शास्त्रज्ञांनी स्पेनच्या एका किनाऱ्यावर तीस वर्षांच्या अंतराने शिंपले मोजले. २०१४ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पर्यटक जवळजवळ तिपटीने वाढले होते आणि शिंपले निम्म्याहूनही कमी झाले होते. बाकी काही फारसं बदललेलं नव्हतं. मी मुलांना ‘अजिबात आणू नका’ असं सांगत नाही. सांगून काही उपयोगही नाही, मी स्वतः अजून वाकून उचलते. आमचा हिशेब एवढाच आहे, एका माणसाने मूठभर, आणि तीही शंभर मोजून.

शंभर मोजून म्हणजे असं. शंख उचलला की ओल्या वाळूवर ठेवायचा, जरा लांब बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि मनात हळूहळू शंभरपर्यंत मोजायचं. दोनदा मोजलं तर आणखी चांगलं. आत कुणी असेल तर आधी एक मिशी बाहेर येते, मग एक पाय, मग शंख उचलला जातो आणि चालायला लागतो. चालला की तो त्याचा.

गेल्या काही वर्षांत सुट्टीत कोकणात जाऊन आलेली मुलं याचे किस्से सांगतात. एकाचे वडील तर माझ्याकडे तक्रार घेऊनच आले. म्हणाले, ‘बाई, एवढ्या लांब गणपतीपुळ्याला गेलो, आणि ह्यो वाळूत बसून मोजत बसलेला. आम्ही रांगेत उभं राहून दर्शन घेऊन परत आलो तरी ह्याचं मोजणं चालूच. हलायला तयार न्हाई.’ मुलगा मागे उभा होता. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात दोन फुटके शिंपले. मी विचारलं, ‘एवढेच आणलेस?’

‘काय करू बाई,’ तो म्हणाला, ‘बाकीचे सगळे चालत गेले की.’

त्या दोन तुकड्यांची त्याने चप्पल केली, कोल्हापुरी. अंगठा आणि पट्टा शाडूचा आहे. एका पायाची चप्पल दुसरीपेक्षा मोठी झाली आहे.